पिवळ्या चौकटीतली स्लीपर

पेणजवळच्या त्या गणपतीच्या कारखान्यात लघवीला जायचे असेल तर लाल रबरी स्लीपर घालून जावे लागे. स्लीपरची जोडी एकच होती. दाराशेजारी जमिनीवर पिवळ्या रंगाने चौकट आखली होती आणि ती जोडी त्या चौकटीत असे. चौकट रिकामी दिसली की कोणीतरी बाहेर गेले आहे असे समजायचे आणि जागेवर बसून राहायचे. कारखान्यात बायका जास्त, पुरुष थोडे. स्लीपर मात्र मोठ्या पुरुषी मापाची. हमरापूरकडच्या एका बारीक चणीच्या बाईने पहिल्या दिवशी ती घातली तेव्हा पाय पुढे गेले आणि स्लीपर मागे राहिली. चौकटीचा पिवळा रंग देवाच्या पितांबराचा होता. तेवढा रंग वाया गेला म्हणून शेठने कुरकुर केल्याचे आठवते.

ही पद्धत रोह्याहून आली होती. ती आणणारा माणूस रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर होता. तिथे नियमाला अर्थ होता. प्लांटमध्ये जमिनीवर अ‍ॅसिड सांडलेले असे, त्यामुळे तिथली पादत्राणे संडासात न्यायची नाहीत आणि संडासातली प्लांटमध्ये आणायची नाहीत. गणपतीच्या कारखान्यात पायाला लागले तर मूर्तीचे प्लास्टर लागे. नियम पेणला आला, कारण रोह्यातच राहिले.

त्या वर्षांत रोह्याच्या कंपन्या एकदम बंद पडत नव्हत्या. एकेक प्लांट थांबे. त्या कंपनीचे अर्धे प्लांट चालू होते, अर्धे बंद, आणि सुपरवायझर कोणत्या अर्ध्यात आहे हे रोह्याला लागूनच्या अष्टमी गावातल्या त्याच्या गल्लीला नक्की माहीत नव्हते. ते माहीत होऊ नये यासाठी तो सकाळी कंपनीचे ओळखपत्र गळ्यात घालून, डबा घेऊन निघे. बायको शेजारी सांगे की ह्यांना आता जनरल शिफ्ट दिली आहे. मी त्याच गल्लीच्या पुढच्या वळणावर राहत असे आणि आम्ही एकाच एसटीने पेणला जात असू. नागोठणे मागे पडले की तो ओळखपत्र काढून खिशात ठेवी. संध्याकाळी परतताना त्याच ठिकाणी ते पुन्हा गळ्यात येई.

त्याला विचारण्यासारखे माझ्याकडेही काही नव्हते. ज्या दैनिकाला मी जिल्ह्याच्या बातम्या पाठवत असे त्याने जिल्ह्याचे पान बंद केले होते. शेठने मला मुकुटांना सोनेरी लावायच्या कामावर घेतले, कारण बातमीदाराचा हात स्थिर असतो असा त्याचा समज होता. समज चुकीचा होता, पण मुकुटावर थोडे इकडेतिकडे खपते.

शेठचेही दिवस बरे नव्हते. प्लास्टरवर बंदी येणार असे दरवर्षी बोलले जाई, त्यामुळे व्यापारी हात आखडून होते. मागच्या मोसमात माल वेळेत गेला नव्हता. का गेला नाही याची कारणे बरीच होती. वीज, पाऊस, सुकायला लागणारा वेळ. शेठने त्यांतून बायका फार बोलतात हे कारण निवडले. तशात त्याला कोणीतरी एकदा रोह्याची कंपनी आतून दाखवली होती. एवढी माणसे आणि कोणी बोलत नाही, हे तो महिनाभर सांगत होता. मशीनच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही, हे त्याला कोणी सांगितले नाही.

शेठने देखरेखीला ठेवलेला सुपरवायझर आला आणि पहिल्या आठवड्यात कारखान्यात रेल्वे रुळाचा एक तुकडा टांगला गेला. तो हातोडीने वाजला की काम सुरू, वाजला की बंद. रेडिओ माळ्यावर गेला. बोलायचे नाही, असे ठरले. उशीर झाला तर अर्धा दिवस कापायचा, असेही ठरले. हमरापूरच्या रस्त्यावर सहा आसनी रिक्षा भरल्याशिवाय निघत नाही आणि ती भरणे बायकांच्या हातात नसते, हे त्याला सांगून पाहिले. त्याने सांगितले की रिक्षाचा विषय आपल्या डिपार्टमेंटचा नाही. बायकांनी त्याचे नाव भोंगा ठेवले. तोंडावर त्या त्याला साहेब म्हणत.

सोनेरी पावडर चोरीला जाते असा संशय आल्यावर जाताना डबे तपासायचे ठरले. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांनी डब्यात सुकट आणली. जेवताना प्रत्येकीने थोडी शिल्लक ठेवली आणि झाकण घट्ट लावले. सुपरवायझर स्वतः मासे खाणारा होता. पण पत्र्याच्या शेडमध्ये दुपारभर तापलेले इतके डबे एकामागून एक उघडणे ही वेगळी गोष्ट असते. चौथ्या-पाचव्या डब्याला त्याने रुमाल काढला. एक बाई म्हणाली, "साहेब, तळाला बगा. पावडर तळाला बसतं." तपासणी त्या दिवसापुरती स्थगित झाली आणि नंतर तिचा उल्लेख कोणी केला नाही.

स्लीपरचा नियम मात्र राहिला आणि त्यात हसण्यासारखे थोडेच होते. बायकांनी पाणी पिणे कमी केले. सकाळी घरून निघताना प्यायचे नाही, जेवताना दोन घोट. दुपारनंतर डोके धरून बसणाऱ्या वाढल्या. एकीला चक्कर आली तेव्हा तिला वाऱ्यावर नेऊन बसवले आणि ती जागेवर नसलेला वेळ जेवणाच्या सुट्टीतून वळता झाला.

सगळ्यात जास्त त्रास मावशीला होता. मावशी डोळ्यांची आखणी करी. अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिने असे सगळे झाले की शेवटी मूर्ती तिच्यापुढे येई आणि ती बुबुळे, पापण्या, भुवया काढी. ती खाडीकाठच्या गावातली. नवरा मिठागरावर होता, तो बांध फुटून मिठागर बसल्यापासून घरी होता. मुलगा रोह्याला कंत्राटावर शिफ्ट करी. त्याला बोलावणे थांबले होते. घर तिच्या ब्रशवर चालले होते. तिला साखरेचा आजार होता आणि तो तिने शेठपासून लपवला होता, कारण साखरेने नजर जाते हे शेठला ठाऊक होते आणि नजर अधू असलेल्या बाईकडे त्याने आखणी ठेवली नसती. बायकांना सगळे माहीत होते. साखरेच्या माणसाला वरचेवर बाहेर जावे लागते. कारण सांगायची सोय नव्हती आणि दर वेळी स्लीपर जागेवर असेच असे नाही.

मावशीची कामाची रीत अशी होती: मूर्ती पाटावर ठेवून तिचे डोळे आपल्या डोळ्यांच्या रेषेत येतील अशी उंची करायची, समोर मांडी घालायची आणि बोलत राहायचे. देवाशी, शेजारणीशी, कोणाशीही. सुनेच्या भाजीपासून गावच्या भांडणापर्यंत काहीही चाले. बोलणे बंद झाले की तिचा ब्रश थांबे. नियमाच्या पहिल्या दिवशी तिने सुपरवायझरला हे सांगितले होते. "तोंड बंद ठेवलं का हात लटपटतो माजा, साहेब." त्याने उत्तर दिले की कंपनीत माणसे तोंडाला मास्क लावून काम करतात आणि कोणाचा हात लटपटत नाही. मावशी म्हणाली, "त्यांना डोलं काढायचं नसतील." पण तिने बोलणे बंद केले. तिची बसायची जागा खिडकीजवळ होती, तोंड भिंतीकडे. दार तिच्या उजव्या हाताला. दाराशेजारी खाली पिवळी चौकट.

काही दिवसांनी मुकुटांचे काम करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आखणी होऊन आलेल्या मूर्तींची रांग समोर होती. गणपतीसमोर उभे राहिले की तो आपल्याकडे बघतो. पेणच्या मूर्तीची ख्याती त्यावरच आहे. या रांगेसमोर उभे राहिले तर एकाही देवाची नजर भेटत नव्हती. सगळ्यांची बुबुळे एकाच बाजूला, किंचित खाली वळलेली होती. चेहऱ्यावर भाव थोडा काळजीचा होता. रांगेच्या टोकाला जाऊन पाहिले, तिथेही तेच.

मावशी दर थोड्या वेळाने मान न हलवता चौकटीकडे बघत होती. स्लीपर आली का, कोणी उठतेय का, आपला नंबर लागेल का. ब्रश हातात असतानाही बघत होती. डोळे काढणाऱ्या माणसाचे डोळे जिकडे, तिकडे देवाचे. हे बायकांना आधीच कळले होते. शेजारी बसणारी म्हणाली, "देव चपलांकडं बगतंय गो." मावशीने मूर्तीकडे पाहिले, मग चौकटीकडे, आणि ब्रश खाली ठेवला. तोवर त्या मापाचा जवळजवळ सगळा माल झाला होता.

शेठला ते कळले व्यापारी यायच्या आदल्या दिवशी, मूर्ती उजेडात मांडताना. डोळे पुसून पुन्हा काढता येत नव्हते. सबंध चेहऱ्याला परत रंगाचा हात द्यावा लागला असता आणि आषाढातल्या त्या दमट हवेत तो एका रात्रीत सुकला नसता. शेठ रांगेपुढून दोनदा फिरला. शेवटी मावशीपुढे उभा राहून त्याने आवाज न चढवता सांगितले, "उद्या व्यापाऱ्याने माल नाकारला, तर परवापासून तुम्ही येऊ नका."

मावशीने ऐकून घेतले. चौकटीकडे बघितले. मग सुपरवायझरला विचारले, "चपला हायत ना, साहेब? मी जाऊन येतंय."

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका बाहेर झाडाखाली बसल्या होत्या. त्या दिवशी तिथे बोलणे जवळजवळ नव्हते. नियमाने जे साधले नव्हते ते शेठच्या एका वाक्याने साधले. मी राहिलेले मुकुट पुरे करत आत होतो. सुपरवायझर आला आणि मावशीच्या जागेवर, तिच्यासारखीच मांडी घालून बसला. समोरच्या मूर्तीकडे बघितले. थोड्या वेळाने त्याची नजर उजवीकडे खाली गेली, परत मूर्तीवर आली, परत गेली. मग तो उठला. स्लीपरचा एक पाय चौकटीच्या रेघेबाहेर आला होता, तो त्याने बोटाने आत सारला आणि जेवायला गेला.

 संध्याकाळी एसटीत, नागोठण्याला ओळखपत्र गळ्यात घालून झाल्यावर त्याने विचारले, "पेपरात चूक छापून गेली तर काय करता?"

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर लहान अक्षरांत दुरुस्ती देतात, असे मी सांगितले.

"आणि कोणाच्या लक्षातच आली नाही तर?"

मग काही करत नाहीत, असे सांगितले. 

व्यापारी कल्याणकडचा होता, दरवर्षीचा. मूर्तीला हात न लावता बघणारा. तो रांगेपुढे उभा राहिला, एक पाऊल बाजूला झाला, परत जागेवर आला. मग म्हणाला, "हे सगळे तिकडे काय बघतायत?"

शेठने तोंड उघडले. मावशी ब्रश धुण्याच्या डब्यात ब्रश फिरवत होती. तो धुऊन केव्हाच झाला होता.

"नवीन मॉडेल आहे," सुपरवायझर म्हणाला. कंपनीत पाहुण्यांना प्लांट दाखवताना लावत असेल तसा त्याचा आवाज होता. "मोदकाकडे लक्ष."

व्यापारी उकिडवा बसला. त्याने देवाच्या डोळ्यापासून बोट धरून रेघ ओढली. देवाचा डावा हात मावशीच्या उजव्या बाजूला येत होता, आणि डाव्या हातात, सगळ्या गणपतींच्या असतो तसा, मोदक होता. रेघ बरोबर मोदकावर गेली असे नाही, पण जवळून गेली. व्यापारी हसला. पोरांना आवडेल, म्हणाला. पुढच्या मूर्तीपुढे जाऊन तीच रेघ पुन्हा ओढली आणि पुन्हा हसला. मागे बायकांच्या तोंडात पदर गेले होते. त्यातली एक पुटपुटली, "मोदक गो, मोदक. रबराचा." सगळा माल उचलला गेला आणि पुढच्या वर्षी हाच हवा, असे व्यापाऱ्याने शेठला गाडीत बसताना बजावले.

सुपरवायझरने ते का सांगितले, हे त्याने कधी बोलून दाखवले नाही. चौकशी झाली असती तर ती स्लीपरपर्यंत आली असती आणि स्लीपर त्याची होती, हे एक कारण असू शकते. दुसरेही असू शकते. माहीत नसलेले कारण बातमीत लिहू नये, असे आम्हाला शिकवले होते.

मावशीने संधी सोडली नाही. शेठ खुशीत होता तेवढ्यात तिने त्याला सांगितले की बोलायची बंदी आणि चपला, दोन्ही जायला हवे. दोन्ही गेले. रेडिओ माळ्यावरून खाली आला. चौकट मात्र जमिनीत मुरली होती, ती खरवडून पूर्ण निघाली नाही. स्लीपर सुपरवायझरने पिशवीत घालून घरी नेली. मोसम संपला, पुढे काम कमी होते, आणि त्याला आता येऊ नका असे सांगण्यात आले. तरीही तो अष्टमीच्या पुलावर सकाळी ओळखपत्र घालून दिसे. त्या दिवसांत तो कुठे जाई हे विचारले नाही.

थंडीत पुढच्या वर्षीचा नमुना करायचा होता. मावशी पाण्याचा तांब्या शेजारी घेऊन, सुनेच्या तक्रारी सांगत बसली आणि तिने डोळे काढले. देव सरळ समोर बघत होता. शेठ म्हणाला तसे नाही, मोदकाकडे. तिने मुद्दाम काढायचा प्रयत्न केला तेव्हा देव तिरळा झाला. शेठने तिच्या उजव्या बाजूला बशीत खरा मोदक आणून ठेवला. तिने त्याच्याकडे एकदाही बघितले नाही आणि दुपारी, साखर असून, खाऊन टाकला. शेठ वैतागला तेव्हा म्हणाली, "मोदक कुठं पळून जातोय, शेठ? ठेवलाय तिथं हाय. चपला पळायच्या."

अशा रीतीने शेठला सगळी हकीकत कळली.  त्याने माझ्याबरोबर सुपरवायझरला निरोप धाडला, स्लीपर घेऊन या.

अष्टमीला त्याच्या घरी ती मोरीत होती आणि वापरात होती. त्याने ती दगडाने घासून धुतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी एसटीत मांडीवर घेऊन बसला. ओळखपत्र त्या दिवशी त्याने घरूनच आणले नव्हते. चौकटीवर पिवळा रंग पुन्हा फिरवला गेला. स्लीपर आत ठेवली. मावशी बसली, डोळे काढले. देव सरळ बघत होता. कोणी कधीही बाहेर जाऊ शकत असताना चौकटीकडे बघायचे काही कारण नव्हते.

"नियम घाला परत," मावशी म्हणाली.

शेठला वाटले तिने माघार घेतली. बायकांनी माना वर केल्या.

"आमाला नाय. साहेबांना. बाहेर जायचं तं चपला घालून जायचं, येऊन जाग्यावर ठेवायचं. मी बगतंय."

सुपरवायझरने विचारले की नियम फक्त त्यालाच का.

"कोणाला तरी पायजे ना," मावशी म्हणाली. "आमची पाली झाली. आता तुमची."

शेठने त्याच्याकडे पाहिले. पुढचा सबंध मोसम सुपरवायझरला काम असणार होते, आणि ते काय आहे हे तिघांनाही स्पष्ट होते. त्याने स्लीपर उचलून तळ तपासला, खाली ठेवली, रेघेत नीट केली आणि ठीक आहे म्हणाला. दुपारी तो पहिल्यांदा ती घालून बाहेर गेला तेव्हा कोणी हसले नाही. सगळ्या कामात होत्या. मावशीने मात्र बोलणे चालू ठेवून, मान न हलवता, डोळ्यांच्या कडेने तो जाईपर्यंत आणि येईपर्यंत पाहिले. नमुना त्याच दुपारी जमला.

व्यापारी पुन्हा आषाढात आला. मूर्ती मांडलेल्या होत्या. सगळ्यांची बुबुळे एका बाजूला, किंचित खाली. तो उकिडवा बसला, रेघ ओढली, समाधानाने मान हलवली. मग परत वर बघितले आणि देवाच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"मॉडेल तेच आहे," तो म्हणाला. "पण यंदा हा हसतोय. मागच्या वर्षी हसत नव्हता. काय बदललं?"

मॉडेलविषयी बोलण्याचे काम सुपरवायझरचे होते, म्हणून शेठने वळून त्याच्या जागेकडे बघितले. बायकांनीही बघितले. मावशीने ब्रश डब्यात बुडवला आणि दाराकडे हनुवटी केली.

चौकट रिकामी होती.